चिमणी, ग्लोब, हंडी की शेड?

गणपती जवळ आले की कोकणात माळे उपसले जातात, आणि त्या माळ्यांवरचे दिवे पत्रांतून माझ्याकडे येतात. या वेळी संपादकांनी रत्नागिरीला पाठवलेल्या पाकिटात फोटोच फोटो होते. बहुतेकांचं म्हणणं एकच : दिवा आहे, काच नाही, काच कुठे मिळेल? नुसतं ‘काच’ म्हणून बाजारात काही हाती लागत नाही. कोणती काच, तिचं नाव काय आणि ती दिव्यावर बसते कुठे, एवढं सांगता आलं तर मिळते. म्हणून पहिलं उत्तर लांबलंय. बाकीच्यांनी राग मानू नये.

देवगडहून एक वाचक : आजोबांचा टेबलावरचा दिवा माळ्यावर सापडला. खालचं सगळं शाबूत आहे, वरची काच फुटलेली. मुंबईत दोन दुकानांत फोन केला. एकाने विचारलं, चिमणी हवी की ग्लोब? दुसऱ्याने विचारलं, शेड किती इंची? आमच्या घरात चिमणी म्हणजे पत्र्याची बारकी दिवटी. मग नक्की मागायचं काय?

‘चिमणी’चे आपल्याकडे दोन अर्थ आहेत, तिथेच घोटाळा होतो. घासलेटची पत्र्याची छोटी दिवटी ती चिमणी, आणि मोठ्या दिव्याच्या ज्योतीभोवती उभी राहते ती काचेची नळीही चिमणी. दुकानदार नळीबद्दल विचारत होता.

तुमचा फोटो समोर ठेवलाय. खालून वर जाऊ या. सगळ्यात खाली बैठक, तिच्यावर पितळी खांब, खांबावर काचेची टाकी. टाकीच्या तोंडाला आटे असलेली पितळी कडी आहे, ती कॉलर. कॉलरमध्ये बर्नर फिरवून बसवायचा. बर्नरच्या अंगाला वात वरखाली करायची चावी असते. तुमच्या दिव्याला अशा दोन चाव्या आहेत, म्हणजे आत दोन चपट्या वाती शेजारी शेजारी उभ्या आहेत. हा ड्युप्लेक्स बर्नर. बर्मिंगहॅमच्या हिंक्स कंपनीने १८६५ साली त्याचं पेटंट घेतलं. चावीवर काही कोरलंय का ते भिंगाने पाहा, बनवणाऱ्याचं नाव बहुधा तिथेच असतं.

बर्नरच्या वर जो जाळीदार कठडा दिसतो ती गॅलरी. गॅलरीच्या आतल्या खाचेत चिमणी उभी राहते आणि बाहेरच्या मोठ्या कड्यात ग्लोब बसतो. दोन्ही काचाच, पण कामं अगदी वेगळी. चिमणी हवा ओढते. आतली तापलेली हवा वर निघून जाते, तिच्या जागी बर्नरच्या भोकांतून ताजी हवा येते आणि ज्योत पांढरी, स्थिर होते. जिनिव्हाच्या आर्गांने गोल वात, तिच्या मधून हवेची वाट आणि वर काचेची नळी अशी जुळणी केली, इंग्लंडमध्ये १७८४ साली तिचं पेटंट घेतलं. तेव्हापासून दिव्याला चिमणी लागली. ग्लोब मात्र डोळ्यांसाठी. त्याच्या दुधी किंवा खरवडलेल्या काचेमुळे उजेड मऊ होऊन खोलीभर पसरतो. ग्लोब नसला तरी दिवा नीट जळेल. चिमणी नसेल तर नुसता काजळी धरेल.

राहिली शेड. दुकानदार कुठल्याही वरच्या काचेला शेड म्हणतात. मी हा शब्द पसरट टोपीसारख्या काचेपुरता ठेवते, जी तिकाटण्यावर, म्हणजे तीन दांड्यांच्या आधारावर, बसून उजेड खाली पाडते. तुमच्या दिव्याला तिकाटणं नाही, तेव्हा ग्लोबच मागा. वर झालर असलेला, ट्यूलिपच्या फुलासारखा उघडा प्रकारही त्याच कड्यात बसतो. आमच्या बाजारात त्याला सरळ ट्यूलिपच म्हणतात.

आता माप. १९९१ साली मी एका दुकानदाराला फोनवर “चार इंची ग्लोब पाठवा” असं सांगितलं आणि पैसेही आधीच पाठवले. पार्सल आलं, गवतात नीट गुंडाळलेलं, सुरेख कोरीव काम केलेला ग्लोब. पण त्याने वरचं तोंड चार इंच मोजलं होतं, आणि मला हवं होतं ते बूड. बूड होतं सव्वातीन. ग्लोब कड्यात डगडग हलायचा. परत घ्यायला तो तयार झाला नाही आणि तो ग्लोब आजही माझ्या कपाटात दिव्याविना आहे. ग्लोबचं माप म्हणजे बुडाच्या गळ्याचा बाहेरून बाहेर व्यास. धंद्यात त्या गळ्याला फिटर म्हणतात. ड्युप्लेक्सच्या कड्यासाठी नेहमीचं माप ४ इंच फिटर, आणि ड्युप्लेक्स चिमणीचं बूड साधारण अडीच इंच. तरीही तुमच्या गॅलरीचं माप स्वतः घ्या. जाड कागदाची गोल चकती कापा, कड्यात अलगद बसेपर्यंत कातरत राहा, आणि ती चकतीच दुकानदाराला पाठवा. फोनवर इंच सांगू नका.

चिमणीचा आकारही सांगा. ड्युप्लेक्सची चिमणी ज्योतीपाशी फुगीर असते, कारण आत दोन ज्योती शेजारी जळतात. सरळ अरुंद नळी बसवलीत तर ती तडकेल.

चिमणी हातात येईल तेव्हा ती पुसण्याबद्दल एक सांगते. आमच्या गावी, जैतापूरच्या खाडीकाठी, वीज आली तेव्हा मी सातवीत होते. तोवर तिन्हीसांजेच्या आधी ओटीवर सगळ्या काचा पुसायला बसायचं काम माझं, कारण माझा हात नळीत जायचा आणि आईचा जायचा नाही. आधी कोरड्या फडक्याने काजळी काढायची, मग चिमूटभर चाळलेली चुलीतली राख, मग जुनं धोतर. पाणी नाही. शेवटी तोंडाजवळ धरून आत ‘हा’ करायचं, काच धुरकट व्हायची, आणि धुरकटपणा विरता विरता एखादा राहिलेला डाग दिसायचा. आई तो डाग लांबून ओळखायची. अजूनही मी चिमण्या अशाच पुसते.

चिपळूणहून एक गणिताचे शिक्षक : माझ्या दिव्याच्या चावीवर ‘१४’ कोरलंय आणि त्याच्या डोक्यावर तीन बारीक तिरप्या रेघा आहेत. हे इंच असू शकत नाहीत. मग काय आहे?

गणिताच्या माणसाला त्या तीन रेघा खटकल्या याचा आनंद झाला. एक रेघ फुटाची, दोन इंचाच्या, आणि तीन रेघा लाइनच्या. ही पॅरिसची जुनी लाइन, तिथल्या इंचाचा बारावा भाग, म्हणजे २.२५६ मिलिमीटर. मीटर आल्यावरही घड्याळं आणि दिव्यांच्या धंद्यात ती टिकून राहिली. जर्मन आणि ऑस्ट्रियन बर्नर लाइनमध्येच ओळखले जातात : ६, ८, १०, १४ आणि पुढे. आकडा मोठा तेवढी ज्योत मोठी.

पण १४ ला २.२५६ ने गुणून काच मागवायला जाऊ नका. तो बर्नरचा नंबर आहे, काचेचा व्यास नव्हे. १४ लाइनच्या गोल बर्नरला लागणाऱ्या चिमणीचं बूड ५२-५३ मिलिमीटरच्या आसपास असतं. मागताना “चौदा लाइनची कॉसमॉस चिमणी” असं म्हणा. कॉसमॉस हा बर्लिनच्या व्हिल्ड आणि व्हेसेल यांचा बर्नर. त्यात चपटी वात खालून आत घालतात आणि वर जाता जाता ती वळून गोल होते, त्यामुळे मध्ये हवेला वाट मिळते. त्याच्या चिमणीला बुडाच्या थोडं वर कंबर असते, आवळल्यासारखी. ती कंबर हवेला ज्योतीवर ढकलते, म्हणून ती ज्योतीच्या उंचीवरच हवी. कंबरेऐवजी चेंडूसारखा फुगवटा असलेली चिमणी कुणी दिली तर ती दुसऱ्या जातीच्या बर्नरची, ज्यात वातीच्या मधोमध पितळी चकती उभी असते. तशी चकती तुमच्या बर्नरात नसेल तर ती काच घेऊ नका.

राजापूर तालुक्यातून एका देवस्थानाचे पुजारी : देवळाच्या सभामंडपात दोन मोठ्या काचेच्या हंड्या आहेत. एका भाविकाने परदेशी लिलावाच्या यादीत तशाच वस्तूचं नाव ‘हुंडी’ असं वाचलं आणि सांगितलं की आपण चुकीचं म्हणतो. खरं काय?

तुमचं बरोबर, यादीचं चुकलं. हंडीचं ‘हुंडी’ झालं ते इंग्रजी स्पेलिंगमुळे, आणि तेच आता तिकडच्या बाजारात रूढ झालंय. आपली हुंडी म्हणजे पैशांची चिठ्ठी. तिचा दिव्याशी काही संबंध नाही. भाताच्या हंडीसारखी पोट असलेली काच म्हणून ती हंडी, आणि ‘हंड्या-झुंबरं’ हा जोडशब्द आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलाय. हा शब्द सोडू नका. फक्त परदेशी माणसाशी बोलताना तो त्याला हुंडी म्हणतो एवढं लक्षात ठेवा.

हंडीचे भाग बघून घ्या, कारण दुरुस्तीच्या वेळी लागतील. रुंद तोंडाची, खाली निमुळती होत गेलेली काच. तोंडाच्या ओठाला पितळी पट्टी, तिला तीन साखळ्या, आणि त्या वर एका काचेच्या घंटीपाशी एकत्र येतात. ती घंटी शोभेची नाही. ज्योतीचा धूर तिच्या पोटात अडतो आणि मंडपाचं लाकूड काळं होत नाही. हरवलेल्या भागांत ही घंटी पहिली. लोकांना तिचा उपयोग माहीत नसतो, म्हणून ती काढून ठेवतात आणि विसरतात. तुमच्या फोटोत एका हंडीवर ती दिसते, दुसरीवर नाही. कोठीत शोधा.

हंडीच्या आत पूर्वी काचेचा पेला असे. त्यात खाली पाणी, वर तेल, आणि तेलावर तरंगती वात. पाणी दोन कामं करी : तेल संपत आलं की वात पाण्याला टेकून आपोआप विझायची, आणि पेल्याचं बूड तापून तडकत नसे. कोकणात हे तेल खोबरेल असायचं, नाहीतर उंडीचं कडू तेल किंवा करंजेल. घासलेट मागाहून आलं. (घासलेट हा शब्द ‘गॅसलाइट’वरून आणि रॉकेल ‘रॉक ऑइल’वरून, हे बऱ्याच जणांना ठाऊक नसतं.) हंडीच्या पेल्यात घासलेट कधीही घालू नका. उघड्या पेल्यात ते जळायला धोकादायक आहे. त्रिपुरीला पेटवायची असेल तर खोबरेलच.

झुंबर आणि हंडी यांतला फरकही तुम्ही विचारलाय. झुंबराला फांद्या असतात आणि लोंबते लोलक असतात. शाळेत प्रकाशाचे सात रंग दाखवायला वापरतो तो लोलक आणि झुंबराचा लोलक हा एकच शब्द, आणि कामही एकच. मी तीस वर्षं पदार्थविज्ञान शिकवलं, दरवर्षी त्या धड्याला वर्गात झुंबराचा एक सुटा लोलक घेऊन जायची.

वेंगुर्ल्याहून एक वाचक : आजीच्या दिव्याची शेड बाहेरून डाळिंबी आणि आतून पांढरी आहे. एक व्यापारी घरी येऊन म्हणाला, “ही बेल्जियमची, पण रंग नंतर मारलेला.” दोन्ही खरं असेल का?

‘बेल्जियमची काच’ हा आपल्याकडे देशाचा पत्ता राहिलेला नाही, कौतुकाचा शब्द झालाय. जाड, जड, नक्षीदार काच दिसली की ती बेल्जियमची. बेल्जियममध्ये उत्तम काच होत होती हे खरं, लिएजजवळचा व्हाल सेंट लँबेर हा कारखाना १८२६ पासूनचा. पण आपल्याकडे आलेल्या दिव्यांच्या काचा बोहेमियातून, ऑस्ट्रियातून, जर्मनीतून आणि इंग्लंडमधूनही आल्या. शिक्का असल्याशिवाय कुणी देशाचं नाव घेतलं तर मी ते मनावर घेत नाही.

रंगाचं मात्र तुम्ही घरबसल्या बघू शकता. शेड उलटी करा आणि फिटरची कड, जिथे काच घासून सपाट केलेली असते, ती उजेडाकडे तिरपी धरून भिंगाने पाहा. ओल्या खोबऱ्याचा तुकडा आठवा : पाठीला तपकिरी साल, आत पांढरं, आणि कापलेल्या कडेवर दोन्ही थर स्पष्ट. तुमच्या शेडच्या कडेवर असेच लाल आणि पांढरे दोन थर काचेच्या आतच दिसले तर ती दुपदरी काच. कारागिराने तापलेल्या एका काचेवर दुसरी चढवून दोन्ही एकत्र फुंकलेल्या असतात. थर दिसला नाही आणि रंग स्क्रूच्या जागी, हात लागतो तिथे खरचटलेला असेल, तर मात्र तो वरून दिलेला रंग.

खरा डाळिंबी रंग काचेत सोन्याने येतो. सोन्याच्या क्षाराचा अगदी थोडा अंश रसात टाकतात, काच आधी फिकट असते आणि पुन्हा तापवली की लाल चढते. म्हणून या काचेला जास्त पैसे पडतात आणि म्हणूनच त्या व्यापाऱ्याला ती रंगवलेली ‘वाटली’. कड बघितल्याशिवाय विकू नका. माझ्या मते विकूच नका.

हिरवट-पिवळी शेड असलेल्यांसाठी : अतिनील टॉर्च अंधारात मारली आणि काच कोवळ्या पोपटी रंगात चमकली तर तिच्यात युरेनियम आहे. घरात ठेवायला भीती नाही, पण तिच्यात खाऊ-पिऊ नका.

मालवणहून : श्रावणात कपाटातल्या एका जुन्या ग्लोबला घाम येतो, चिकट लागतो. पुसला की दोन दिवसांनी पुन्हा तेच.

ही काचेची व्याधी आहे. काच बनवताना चुना कमी आणि सोडा-पोटॅश जास्त पडला असेल तर दमट हवेत तो क्षार पृष्ठभागावर पाझरतो. पूर्ण बरी होत नाही, पण आटोक्यात ठेवता येते. ऊर्ध्वपातित पाण्याने हळू धुवा, मऊ कापडाने लगेच टिपा आणि बंद कपाटातून बाहेर, वारं खेळेल अशा जागी ठेवा. प्लास्टिकमध्ये गुंडाळणं सगळ्यात वाईट.

गुहागरहून : काचेच्या टाकीवरची पितळी कडी गोल गोल फिरते, निघत नाही. फेविकॉल भरू का?

नको, एपॉक्सीही नको. ती कडी, म्हणजे कॉलर, मुळात प्लास्टर ऑफ पॅरिसने बसवलेली असते आणि वर्षानुवर्षं तेल लागून प्लास्टर भुसभुशीत होतं. टाकी रिकामी करून तोंड कोमट पाण्यात बुडवून ठेवा. पाणी कढत नको, काच तडकेल. कॉलर सुटली की जुनं प्लास्टर बांबूच्या काडीने खरवडा. नवं प्लास्टर घावनाच्या पिठाएवढं सैल कालवून कॉलरच्या खोबणीत भरा, बसवा, बर्नर लावून तो सरळ उभा राहतो का ते लगेच बघा, कारण नंतर वाकडेपणा जात नाही. पूर्ण वाळेपर्यंत तीन-चार दिवस टाकीत तेल घालू नका. पावसात आठवडा थांबा.

पितळ चकचकीत करायचं तर आमसुलाचं पाणी किंवा चिंच चालते, कळंक निघतो. पण आधी बुडाखाली न दिसणाऱ्या जागी लावून बघा. काही दिव्यांवर सोनेरी लाखेचा पातळ थर असतो, आंबटाने तो जातो आणि परत येत नाही.

अलिबागहून : दिव्याला वीज जोडायची आहे. टाकीला भोक पाडून वायर काढू का?

भोक पाडू नका. बर्नरच्या जागी, त्याच आट्यांत बसणारा बल्बचा होल्डर मिळतो, त्याची वायर बाजूने निघते. मूळ बर्नर कापडात गुंडाळून दिव्याजवळच ठेवा.

आंजर्ल्याहून एक आजी : आमच्या माजघरात तुळईला लोखंडी कडी आहे आणि तिच्याशेजारी लहान कप्पी. सून म्हणते पाळण्याची. मला आठवतं तिथे दिवा होता, पण खाली ओढता यायचा. असा दिवा असतो का?

असतो, आजी, तुमची आठवण पक्की आहे. टांगत्या दिव्यांत एक प्रकार खालीवर होणारा असतो. दिव्याच्या साखळ्या कप्प्यांवरून जातात आणि दुसऱ्या टोकाला वजन लटकतं, पोटात वजन भरलेला पितळी किंवा चिनीमातीचा गोळा. तेल घालायला, वात कापायला दिवा खाली ओढायचा आणि बोटाने वर ढकलला की तो तिथेच थांबायचा. वरची शेड पसरट, दुधी काचेची, जेवणाच्या पंगतीवर उजेड पाडणारी.

दोन गोष्टी बघून कळवा. तुळईच्या वरच्या फळ्यांवर धुराचा गोल डाग आहे का? असेल तर त्याचा व्यास सुनेला मोजायला सांगा. आणि घरात कुठे लिंबाएवढा किंवा नारळाएवढा, उगीचच जड वाटणारा, वर कडी असलेला गोळा पडलाय का? दाराला टेकू म्हणून, मुलांचं खेळणं म्हणून, कुठेही असेल. तो मिळाला तर फोटोसाठी थांबू नका. पुढच्या आठवड्यात मला दापोलीला यायचंच आहे, मी येऊन बघते.